सिरेलियसच्या सासऱ्याची तक्रार

1621 साली लंडनच्या पुस्तकबाजारात 'द काउंटेस ऑफ माँटगमरीज युरेनिया' नावाचा जाडजूड ग्रंथ विक्रीला आला. लेखिका लेडी मेरी रॉथ. राजे, राण्या, जादूचे महाल आणि ताटातूट झालेले प्रेमिक यांची ही अखंड कथा. शेवटी 'पँफिलिया टू अँफिलँथस' ही प्रेमकवितांची मालिका जोडलेली. कथेत शेकडो उपकथा आहेत. त्यांतल्या एकीत सिरेलियस नावाच्या नवऱ्याला बायकोचा संशय येतो आणि तिचा बाप, घराण्याला डाग नको म्हणून, पोटच्या पोरीला ठार मारायला निघतो. संशय घेणाऱ्या नवऱ्यालाच मग मध्ये पडून तिला वाचवावं लागतं. राजा पहिला जेम्स याच्या दरबारातला उमराव एडवर्ड डेनी यानं हे वाचलं आणि तो भडकला. त्याची मुलगी होनोरा राजाच्या मर्जीतल्या जेम्स हे या दरबाऱ्याला दिली होती. कथेतला बाप म्हणजे आपणच, असं त्यानं ठरवलं.

मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझ्या थोरल्या भावाची सगळी हयात दिवाणी कोर्टात गेली. या प्रकरणावर आमचं कधीच एकमत झालं नाही. आमच्यात झालेलं बोलणं इथे मांडते आहे. दादाची बाजू मला चुकीची वाटते, पण पोकळ वाटत नाही.

दादा : दुसऱ्याच्या घरातला तमाशा उचलायचा, नावं बदलायची, मुलूख बदलायचा आणि छापून मोकळं व्हायचं. वर म्हणायचं, ही कथा आहे. डेनीचं रक्त खवळलं यात नवल काय?

मी : ती गोष्ट डेनीच्याच घरची, हे तू धरूनच चाललास.

दादा : तो स्वतः म्हणतोय ना.

मी : तो म्हणतोय म्हणूनच आज आपल्याला माहीत आहे. त्यानं रागानं कविता लिहिली आणि तिला मथळा दिला, सिरेलियसच्या सासऱ्याकडून पँफिलियाला, म्हणजे लेखिकेला. त्या पात्रापुढे सही त्यानं स्वतःच्या हातानं केली. गप्प बसला असता तर ती उपकथा शेकडो उपकथांत बुडून गेली असती.

दादा : चारशे वर्षांनंतरच्या वाचकाशी त्याला काय देणंघेणं? अब्रू जाते ती रोज ज्यांच्यात उठबस असते त्यांच्यात. कोर्टात आम्ही हेच विचारतो, की या माणसाला ओळखणाऱ्यांनी मजकूर वाचून त्याला ओळखलं का? दरबार म्हणजे काही शे माणसं. कोणाच्या घरी काय शिजतं ते प्रत्येकाला ठाऊक. तिथे नाव बदलणं म्हणजे नाव सांगणंच.

मी : आणि खरं असलं तर?

दादा : तिथे तर तुझी बाजू आणखी लंगडी पडते. 1605 चा पिकरिंगचा खटला बघ. आर्चबिशप व्हिटगिफ्ट 1604 मध्ये वारला. त्याच्या शववाहिनीवर कोणी तरी निंदेच्या ओळी लावल्या. लुइस पिकरिंग नावाच्या गृहस्थावर त्यासाठी स्टार चेंबर या राजाच्या कोर्टात खटला चालला आणि कायदेपंडित एडवर्ड कोकनं तो नोंदवून ठेवला. त्यातून दोन गोष्टी ठरल्या. मजकूर खरा असणं हा बचाव नाही, आणि ज्याची निंदा झाली तो मेलेला असणं हाही बचाव नाही. का, तर मेलेल्याचे नातलग सूड घ्यायला उठतात आणि शांतता बिघडते. होनोरा 1614 मध्येच वारली होती. सात वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीची गोष्ट बापाला छापील पुस्तकात वाचावी लागली. तू स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ.

इथे मी थोडा वेळ गप्प झाले, कारण हा मुद्दा हलका नाही. होनोराकडे मी पुढे वळणारच होते, पण आधी मला दादाला आधीच्या शतकात न्यायचं होतं. प्रेमकविता, दरबारी कुजबुज आणि छापखाना यांची गाठ कशी बसली ते कळल्याशिवाय रॉथबाईंचा खटला नीट चालवता येत नाही.

मी : सोळाव्या शतकात सरदार-दरकदारांच्या प्रेमकविता छापायच्या नसतच. आपल्याकडे शाहिरांच्या लावण्या बाडांतून फिरत, तशा त्या हातानं उतरवून घेतलेल्या वह्यांतून फिरत. राणी ॲन बुलिनच्या गोतावळ्यातली अशी एक वही ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिला डेव्हनशर हस्तलिखित म्हणतात. मार्गारेट डग्लस ही त्या वेळच्या राजाची भाची आणि लॉर्ड थॉमस हॉवर्ड यांनी 1536 मध्ये राजाला न विचारता लग्नाचा करार केला. दोघांनाही कैद झाली आणि हॉवर्ड पुढच्या वर्षी लंडनच्या टॉवरमध्येच वारला. त्यांच्या विरहाच्या कविता त्या वहीत आहेत. तिथे प्रेमकविता ही करमणूक नव्हती, तिच्यापायी जीव जात होता. पण वही कोणाच्या हातात द्यायची हे तरी माणसाच्या ताब्यात होतं. 1557 मध्ये रिचर्ड टॉटलनं 'साँग्ज अँड सॉनेट्स' छापलं आणि हा ताबा सुटला. त्यातल्या कवींपैकी वायट वारून पंधरा वर्षं झाली होती, सरेचा दहा वर्षांपूर्वी शिरच्छेद झाला होता. त्यांच्या खासगी कविता आता पैसे टाकून कोणीही घेऊ शकत होता. अशा ठेवी दडपून बसणाऱ्यांवर टॉटलनं प्रस्तावनेत ठपकाही ठेवला.

दादा : म्हणजे प्रकाशकाचा धंदा.

मी : धंदा होताच. पण त्यामुळे लेखकांना एक पळवाटही सापडली. जॉर्ज गॅस्कॉइनचं 1573 चं पुस्तक घे, 'अ हंड्रेथ संड्री फ्लॉवर्स'. लेखकाचं नाव नाही, अनेक गृहस्थांच्या रचना एकत्र केल्याचा आव. त्यात 'मास्टर एफ. जे.' या तरुणाची कथा आहे. उत्तर इंग्लंडातल्या एका वाड्यात तो पाहुणा म्हणून उतरतो आणि घरातल्या सुनेच्या, एलिनोरच्या, प्रेमात पडतो. कथा सांगणारा जी. टी. एकेक कविता पुढे ठेवतो आणि ती कोणत्या रात्री, कोणत्या प्रसंगावर लिहिली ते सांगतो. त्याचा मित्र एच. डब्ल्यू. प्रस्तावनेत म्हणतो, हे कागद मला विश्वासानं दिले होते, पण मी ते छापायला देतोय. सगळी आद्याक्षरं. वाचकाच्या हातात कुलूप दिलं आणि किल्ली कुठे तरी असणारच असं सुचवलं.

दादा : मग तुझ्याच तोंडून आलं. कुलूप दाखवलं की किल्ली शोधणारा दोषी कसा? लेखकानंच त्याला दारापाशी नेऊन उभं केलं. आणि या गॅस्कॉइनची कीर्ती काय होती?

मी : 1572 मध्ये तो पार्लमेंटवर निवडून आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे निनावी अर्ज गेला. कर्जबाजारी आहे आणि मोठ्या माणसांवर बदनामीची कवनं रचतो, असे आरोप त्यात होते.

दादा : झालं! आधीच तशी नोंद असलेला माणूस आद्याक्षरांची कथा छापतो, लोक नावं शोधतात, आणि मग तो कानांवर हात ठेवतो.

मी : तो कानांवर हात ठेवून थांबला नाही, हीच तर खरी गंमत आहे. 1575 मध्ये 'द पोझीज' या नावानं त्यानं तेच पुस्तक सुधारून काढलं, या वेळी स्वतःच्या नावानं. फुलं, औषधी वनस्पती आणि तण असे तीन भाग पाडले. पुढे धर्मगुरूंना, तरुणांना आणि सर्वसाधारण वाचकांना उद्देशून वेगवेगळी पत्रं जोडली. आपल्या कथेतून काही थोर व्यक्तींची बदनामी होते असा लोकांचा समज झाला, हे त्यानं स्वतःच नमूद केलं आणि तसं काही नसल्याचं सांगितलं. छापखानेवाल्याकडून एक दमडीही घेतली नाही, हेही बजावलं. एलिनोरची लिओनोरा झाली, उत्तर इंग्लंडचा वाडा इटलीत गेला, आणि मूळ कथा बार्तेलो नावाच्या इटालियन लेखकाची ठरली. असा लेखक कधी झालाच नाही. तरीही ऑगस्ट 1576 मध्ये राणीच्या कमिशनरांच्या हुकमावरून प्रकाशक रिचर्ड स्मिथला 50 प्रती स्टेशनर्स हॉलमध्ये जमा कराव्या लागल्या.

दादा : म्हणजे शिक्षा झाली.

मी : पुस्तकाला झाली. माणसाचं काय झालं ते बघ. 1575 च्या उन्हाळ्यात केनिलवर्थला लेस्टर या सरदारानं राणीसाठी सोहळा केला, तेव्हा संवाद लिहिणाऱ्यांत गॅस्कॉइन होता. पुढच्या नववर्षाला त्यानं राणीला स्वहस्ताक्षरातलं पुस्तक नजर केलं. त्यात त्यानं स्वतःचं चित्र काढलं आहे, राणीपुढे गुडघे टेकलेला, एका हातात भाला, कानाला लेखणी. पुरुषाला पश्चात्ताप करून दाखवता येत होता आणि त्या पश्चात्तापावर चाकरी मिळत होती. हे मी गॅस्कॉइनला दोष द्यायला सांगत नाही. त्याची ती कथा मला फार आवडते. पण लेडी मेरीसमोर कोणता रस्ता उघडा होता ते कळावं म्हणून सांगते.

दादा : तिनंही तेच केलं की. माझ्या इच्छेविरुद्ध विकलं गेलं, म्हणाली.

मी : हो. 15 डिसेंबर 1621 ला तिनं राजाचा लाडका मंत्री बकिंगहॅम याला पत्र लिहिलं. प्रती मनाविरुद्ध विकल्या गेल्या, आपण विक्री थांबवली आहे, गेलेल्या प्रती परत मिळवायला राजाचा हुकूम हवा. आणि त्याच पत्रात, आपण तुम्हाला पाठवलेली प्रतही परत द्यावी, म्हणजे इतर लोक मुकाट्यानं देतील.

दादा : पाठवलेली प्रत! बाई स्वतः बकिंगहॅमला पुस्तक भेट देते आणि मग म्हणते माझ्या नकळत छापलं. साक्षीदार पिंजऱ्यात असं बोलला तर उलटतपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि ते मुखपृष्ठ? तूच मला फोटो दाखवलास. सायमन व्हॅन दे पास या नामांकित कारागिराचं ताम्रपटावरचं कोरीव काम, कथेतल्या प्रेममहालाचं चित्र, खाली लेखिकेची अख्खी वंशावळ. लेस्टरच्या अर्लची मुलगी, फिलिप सिडनीची पुतणी, पेंब्रोकच्या काउंटेसची भाची. चोरून छापणारा एवढा खर्च करतो?

मी : चोरून छापलं असं मीही म्हणत नाही. पण त्याच पुस्तकात अर्पणपत्रिका नाही, प्रस्तावना नाही, मित्रांच्या स्तुतिकविता नाहीत. बेन जॉन्सननं 1612 मध्ये 'द अल्केमिस्ट' हे छापील नाटक जिला अर्पण केलं, तिला चार स्तुतिकविता मिळाल्या नसत्या? आणि कथा वाक्याच्या मध्येच, 'आणि' या शब्दावर तुटते. छापण्याचा विचार होता, पण शेवटचा होकार कोणी कधी दिला हे सांगता येत नाही, असं मला वाटतं. पुस्तक तिच्या मनानं अजून लिहून संपलं नव्हतं. दुसरा भाग तिनं पुढे लिहिला. तो हस्तलिखितच राहिला, शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात, आणि छापून आला तो 1999 मध्ये.

दादा : होकार दिला की नाही यावर तू बोलतेस. मी परिणामावर बोलतोय.

मी : बरं, परिणामावरच बोलू. डेनीची कविता 26 ओळींची आहे. मी ती वर्गात कधी शिकवली नाही, पण घरी कितीदा वाचली असेल. पहिल्याच ओळीत तो तिला अर्धी बाई, अर्धा पुरुष ठरवून राक्षस म्हणतो. मग दारुडी ठरवतो. मग धमकी देतो की तुझ्याबद्दल हजार खोट्या गोष्टी लिहिणं मला काय अवघड आहे. आणि शेवटी सांगतो, बाईमाणसानं आपलं काम करावं, पुस्तकं सोडावीत, तुझ्याहून शहाण्या बायकांनी काही लिहिलं नाही. आता यात अब्रूचा बचाव कुठे आहे? त्यानं 'मी मुलीवर हात उगारला नाही' असं एकदाही म्हटलेलं नाही.

दादा : कविता म्हणजे कैफियत नव्हे. आणि तिनं काय केलं?

मी : तिनं जे केलं त्यासाठी मी तिच्या बाजूची आहे. त्याची प्रत्येक द्विपदी घेतली, त्याच यमकांचे शब्द, त्याच क्रमानं ठेवले, आणि 26 ओळींत 26 ओळी परत केल्या. राक्षस हा शब्द त्याच जागी, पण आता तो डेनी. शेवटच्या ओळीतल्या शहाण्या बायकांच्या जागी शहाणे पुरुष आले आणि पुस्तकांच्या जागी शिवीगाळीची यमकं. तू हे लिहून पाहिलंस तर कळेल किती कठीण आहे. मिळालेल्या शिव्यांच्या सांगाड्यातच उत्तर बसवायचं, एकही यमक आपल्या सोयीनं निवडायचं नाही, आणि तरी वाक्य मोडू द्यायचं नाही. फेब्रुवारी 1622 मध्ये तिनं ते त्याला पाठवलं. त्यानं उत्तरात उपदेश केला की मावशीप्रमाणे... नाही, आत्याप्रमाणे, पेंब्रोकच्या काउंटेसप्रमाणे, देवाधर्माची गीतं लिही. काउंटेसनं बायबलमधल्या स्तोत्रांची भाषांतरं केली होती, त्याचा हा दाखला.

दादा : तोडीस तोड झाली, मान्य. पण तुझ्या सगळ्या बोलण्यात होनोरा कुठे आहे?

मी : डेनीच्या कवितेत ती कुठे आहे? 26 ओळींत मुलीचा उल्लेखही नाही. एका पुरुषाच्या उच्च रक्तावर घाव घातला, एवढीच तक्रार. आणि लेडी मेरीनं कथेत नेमकं हेच लिहिलं होतं, की हट्टानं आणि रागानं पेटलेला तो बाप आपल्या करणीला इज्जतीची काळजी असं नाव देतो. डेनीनं कविता लिहून त्या वाक्याची साक्ष पुरवली.

दादा : म्हणजे दोघांनीही तिला विचारलं नाही. तू एकाला माफ करतेस.

मी : 1607 कडे येते. होनोराचं लग्न राजानं जमवलं. त्यानिमित्त 6 जानेवारीला व्हाइटहॉलमध्ये थॉमस कॅम्पियनचा मास्क, म्हणजे दरबारी नृत्यनाट्य, झाला. गाणी, नाच, झाडं झालेले सरदार पुन्हा माणसं होतात, असा सगळा शृंगारिक थाट. ते सगळं त्याच वर्षी पुस्तक म्हणून छापलं गेलं. तेव्हाही होनोराला कोणी विचारलं नसणार. एका मुलीच्या लग्नाच्या रात्रीवर प्रेमगीतं लिहून बाजारात विकली गेली, आणि त्यात डेनी घराण्याची शोभाच होती. छपाईला आक्षेप असता तर तेव्हाच घ्यायचा. आक्षेप होता तो आरसा उलटा धरल्यावर.

दादा : हे चांगलं बोललीस. तरी माझा मुद्दा उरतोच. मास्कनं तिचं लग्न दाखवलं, युरेनियानं तिचा संशयित व्यभिचार दाखवला. दोन्ही एका मापानं मोजू नकोस. मुलगी मेलेली, आई-बाप हयात, नवऱ्याचं दुसरं लग्न झालेलं. अशा वेळी तो प्रसंग नाही लिहिला तर वाङ्मयाचं काय बिघडतं?

मी : लिहिला नसता तर मारायला धावलेल्या बापाची आठवण फक्त कुजबुजीत राहिली असती, आणि कुजबूज नेहमी मुलीवरच बोट ठेवते. कथेत ती बापावर ठेवली आहे. तेवढं मला पुरतं. तुला पुरत नाही, हे मला दिसतं.

दादा : नाही पुरत. आणि आणखी एक विचारतो. लेडी मेरीचं स्वतःचं प्रकरण होतंच ना? चुलतभाऊ...

मी : आतेभाऊ. विल्यम हर्बर्ट, पेंब्रोकचा अर्ल, राजाचा लॉर्ड चेंबरलेन. 1614 मध्ये तिचा नवरा वारला, 23,000 पौंडांचं कर्ज मागे ठेवून. दोन वर्षांनी लहानगा मुलगाही गेला आणि नवऱ्याच्या इस्टेटीचा मोठा भाग दिराकडे गेला. पेंब्रोकपासून तिला दोन मुलं झाली. पँफिलिया ज्याच्यावर प्रेम करते तो अँफिलँथस म्हणजे हाच, असं सगळे मानतात.

दादा : तूही?

मी : मीही.

दादा : मग तूसुद्धा किल्ली घेऊनच वाचतेस. डेनीनं सिरेलियसच्या सासऱ्यात स्वतःला पाहिलं ते चूक, आणि तू अँफिलँथसमध्ये पेंब्रोक पाहतेस ते रसिकपण?

हा प्रश्न त्यानं वकिलाच्या सवयीनं विचारला, पण नेमका विचारला. कथेपुरतं त्याचं खरं आहे. कवितांपुरतं नाही, आणि ते मी त्याला पुस्तक उघडून दाखवलं. त्या काळच्या सॉनेटमालिका बहुतेक पुरुषांनी लिहिलेल्या. त्यांत प्रेयसीचे डोळे, केस, ओठ यांची मोजदाद असते, त्यामुळे ती कोण हे ओळखायला वाचक टपलेला असतो. लेडी मेरीच्या मालिकेत प्रेम करणारी बाई बोलते आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं रूप जवळजवळ नाहीच. त्याचा चेहरा नाही, त्याचं बोलणं नाही. त्यातच चौदा सॉनेटांची एक माळ आहे. प्रत्येक सॉनेटची शेवटची ओळ पुढच्याची पहिली होते, आणि चौदाव्याची शेवटची ओळ पहिल्याच्या पहिल्या ओळीवर येऊन थांबते. पँफिलिया तिथे चक्रव्यूहात उभी आहे. कुठल्याही बाजूला वळली तरी धोका, उभी राहिली तरी धोका. चौदा सॉनेटं ती विचार करते, प्रेमाच्या धाग्याला धरून निघते, आणि जिथून निघाली त्याच ओळीवर परत येते. यात पेंब्रोकचं नाव घातलं काय, काढलं काय, कवितेत तसूभरही फरक पडत नाही.

दादानं त्या माळेतली सॉनेटं माझ्या पुस्तकात क्रमानं वाचली. तो हळू वाचतो, दस्तऐवज वाचावा तसा.

दादा : डेनीनं यांच्याबद्दल काही म्हटलंय?

मी : नाही. त्याची कविता उपकथेबद्दल आहे. या शेवटच्या पानांना त्यानं हात लावलेला नाही.

दादा : तिचं स्वतःचं प्रकरण, लग्नाबाहेरचं, छापून दिलेलं, आणि ज्यानं तिला एवढ्या शिव्या घातल्या त्यानं त्यावर एक अक्षर नाही काढलं?

मी : त्याच्या रक्ताचा तिथे प्रश्न नव्हता.

दादा : मग ऐक. डेनीचा दावा मी चालवणार नाही. अर्जात त्यानं मुलीचं नावच घातलेलं नाही. पण लेडी मेरीनं उपकथा छापली ते योग्य केलं, हेही माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. ही चौदा सॉनेटं छापली ते योग्य केलं, एवढं लिहून दे माझ्या नावावर.